तारा लावण्याआधी तोंडाचा सातबारा: कॅप, ब्रिज, रूट कॅनाल असताना दात सरळ करायचे तर

इम्प्लांटची तारीख ठरली होती. खालच्या उजव्या बाजूची एक दाढ मी पंचविशीत काढून टाकली होती. त्या जागी स्क्रू बसवायचा, वर कॅप, झालं काम. निम्मे पैसेही भरले होते. आदल्याच आठवड्यात मुलीच्या तारांसाठी ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे, गेले होते. तिचं तपासून झाल्यावर सहज म्हटलं, "डॉक्टर, माझेही खालचे-वरचे पुढचे दात एकावर एक चढलेत, पण आता या वयात..." त्यांनी मला खुर्चीत बसवलं, तोंडात आरसा फिरवला आणि एवढंच विचारलं, "इम्प्लांट बसलाय की बसायचाय?"

बसायचाय म्हटल्यावर म्हणाले, "मग आधी फोन करून तारीख पुढं ढकला. बाकीचं नंतर बोलू."

दाढ काढून अठरा वर्षं झालेली. मागची दाढ त्या रिकाम्या जागेत पुढं कलंडली होती, वरची दाढ खाली उतरत होती. त्या अरुंद, तिरक्या जागेत इम्प्लांट ठोकला असता तर तो जन्मभर तिथंच राहिला असता, कारण इम्प्लांट सरकत नाही. नंतर दात सरळ करायचे म्हटलं असतं तर सगळ्या दातांनी त्या एका खांबाला वळसा घालायचा.

त्यानंतरची अडीच वर्षं मी तारा वागवल्या. मी डॉक्टर नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत हिशेब बघते. पण वय त्रेचाळीस, तोंडात दोन वेगवेगळ्या कॅप, एक ब्रिज (शेजारच्या दातांना जोडून बसवलेला खोटा दात), दोन रूट कॅनाल, एक चांदी भरलेली दाढ आणि एक रिकामी जागा, एवढ्या भांडवलावर हे सगळं केल्यामुळं काय आधी आणि काय मागाहून करायचं ते चांगलं कळलंय. शेजारच्या काकी म्हणाल्या होत्या, "पोरीच्या लावायच्या सोडून सोताच्याच लावून घेतल्यास व्हय गं? आता कशाला वं तारा?" वय ही अडचण नसते. हिरड्या आणि हाड धड असले तर दात साठीतही सरकतात. अडचण होते ती कामांचा क्रम चुकल्यावर.

आधी सातबारा काढा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो: क्षेत्र किती, नाव कुणाचं, बोजा काय. ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाण्याआधी तोंडाचा तसाच एक कागद तयार करा. त्यासाठी दातांचे आकडे समजून घ्या, कारण तुमच्या जुन्या फायलीत तेच लिहिलेले असतात. पहिला आकडा तोंडाच्या कोपऱ्याचा: तुमची वरची उजवी बाजू १, वरची डावी २, खालची डावी ३, खालची उजवी ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मागं मोजायचा. १ म्हणजे समोरचा पटाशीचा दात, ३ सुळा, ६ पहिली मोठी दाढ, ८ अक्कलदाढ. माझी काढलेली दाढ ४६. डॉक्टर तिला 'चार-सहा' म्हणतात, सेहेचाळीस नाही.

माझा कागद असा होता. ३६: रूट कॅनाल, वर धातूची कॅप. २१: शाळेत असताना पंचगंगेच्या घाटावर पायरीवर आपटून तुटलेला, पुढं रूट कॅनाल करून सिरॅमिकची कॅप. १४ ते १६: तीन दातांचा ब्रिज, मधला १५ नाहीच. २६: चांदी भरलेली. ४६: रिकामी. प्रत्येकासमोर साल, कुठं केलं, कॅप कशाची, आणि आज तिथं काही दुखतं का, पाणी लागतं का, अन्न अडकतं का. दाताला मार लागला असेल तर तोही लिहा, मग तो तिसरीत लागलेला का असेना. त्याचं कारण पुढं येईल.

जुन्या डेंटिस्टकडे जाऊन फाइल मागायला लाजू नका. झिर्कोनियाच्या (हे एक कडक सिरॅमिक) कॅपचं वॉरंटी कार्ड असतं, इम्प्लांटचं कंपनी आणि मापाचं कार्ड असतं, ते घरात कुठंतरी असणारच. माझे ब्रिजवाले डॉक्टर दवाखाना बंद करून गावी गेले होते, फाइल कुठली मिळायला! अशा वेळी ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकच मोठा एक्स-रे, बरंच सांगून जातो. रूट कॅनालची पांढरी रेघ मुळाच्या टोकापर्यंत गेलीय की मध्येच थांबलीय, मुळाखाली काळी सावली आहे का, हाड किती उतरलंय, सगळं त्यात दिसतं.

एक्स-रेची मूळ फाइल मागून घ्या. फिल्म खिडकीवर धरून मोबाइलनं काढलेल्या फोटोचा कुणाला उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना ती 'फोटो' म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर बारकावे दबून जातात.

कागदाच्या मागच्या बाजूला औषधं लिहा. हाडं ठिसूळ झाल्यावर आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी देतात (ॲलेंड्रोनेट वगैरे), ती हाडाची घडामोड मंदावते, म्हणजे दात सरकणंही मंदावतं. दात काढायचा किंवा इम्प्लांट घालायचा झाला तर तिचा धोकाही वेगळा. रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, गरोदरपण हेही सांगा. मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट सोबत न्या, डॉक्टर तो मागणारच. आणि मिश्री लावत असाल तर तेही सांगा. आपल्याकडच्या कितीतरी बायका ती लावतात आणि दवाखान्यात कुणीच कबूल करत नाही. तंबाखूनं हिरड्या खालावतात, पण वरवर रक्त कमी येतं, त्यामुळं दुखणं झाकलेलं राहतं.

कुणाकडे जायचं

बीडीएसनंतर तीन वर्षं याच विषयात एमडीएस केलेल्या माणसाला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतात. साध्या तारा बरेच जण लावतात. पण तोंडात आधीच बांधकाम असेल तर या विषयातलाच माणूस गाठा. पाटीवरची पदवी वाचा आणि महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा.

आपल्या गावात एक पद्धत आहे. बऱ्याच दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट 'व्हिजिटिंग' असतात, आठवड्यातून एखादा दिवस येतात. त्यात वाईट काही नाही, उलट तुमचे नेहमीचे डेंटिस्ट आणि ते एकाच छताखाली भेटतात, हा फायदाच. फक्त एवढं विचारून ठेवा की मंगळवारी डॉक्टर आले आणि बुधवारी तार गालात घुसली, तर मी कुणाकडे जायचं?

खर्च आवाक्यात ठेवायचा असेल तर दंत महाविद्यालय बघा. जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं आहे, शेजारी सांगलीत भारती विद्यापीठाचं आहे. तिथं सगळे विभाग एकाच आवारात असल्यामुळं आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या तोंडाला ते बरं पडतं. मात्र प्रत्येक फेरीला निम्मा दिवस जातो, आणि उपचार करणारा विद्यार्थी शिक्षण संपवून मध्येच गेला तर पुढं केस कोण बघणार, ते पहिल्याच दिवशी विचारायचं.

तारेआधीची साफसफाई

हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि लोक नेमका हाच टाळतात. दातांमधली कीड काढून भरणं, अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल पुरं करणं, कडेनं गळणाऱ्या कॅपखाली काय चाललंय ते बघणं. एकदा ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायला दातांवर चिकटवतात ते बारीक तुकडे, बसले की ही कामं तिप्पट अवघड होतात.

हिरड्यांचं सगळ्यात महत्त्वाचं. सुजलेल्या हिरडीत दात ओढला तर हाड झपाट्यानं उतरतं. स्केलिंग, म्हणजे दातांवरचं कीटण खरवडणं, गरज पडली तर हिरडीखाली खोलवर सफाई, आणि मग काही महिने थांबून पुन्हा माप. हिरडी आणि दात यांच्यात बारीक काडी घालून खोली मोजतात आणि मदतनीस आकडे लिहून घेतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. पाच-सहा ऐकू आलं तर घाई करू नका. मला एका ठिकाणी पाच होतं. तीन महिने थांबले, तीनवर आलं, मग तारा.

कुठलं जुनं काम कसं वागतं

*रूट कॅनाल.* पहिला गैरसमज हाच की नस काढलेला दात 'मेलेला' आहे, तो काय सरकणार! दात सरकतो तो बाहेरून. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक पातळ थर असतो, जाडी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. दात ज्या बाजूला हलका दाबला जातो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या अंगाला नवं भरत येतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर वाट चालतो. रूट कॅनालमध्ये आतली नस जाते, बाहेरचा हा थर जिवंतच राहतो. म्हणून तो दात सरकतो, आणि म्हणूनच दुखतोही. पहिल्या तारेनंतर माझा २१ ठणकला तेव्हा मी घाबरून फोन केला होता की नस नसताना दुखतंय कसं! दोन-चार दिवसांत शांत होणारं ते दुखणं या थराचं असतं. आठवडाभर टिकलं, रात्री जागं केलं किंवा हिरडीवर पुळी आली तर मात्र लगेच जायचं.

सुरुवातीआधी प्रत्येक रूट कॅनालचा छोटा एक्स-रे नव्यानं काढून घ्या. मुळाखाली सावली असेल तर ती भरून येतेय की वाढतेय, ते कळल्याशिवाय त्या दाताला ओढत नाहीत.

*मार लागलेला दात.* इथं तिसरीतला तो अपघात कामाला येतो. जोराचा मार बसलेल्या दाताचा हा पातळ थर कधी कधी मरतो आणि मूळ थेट हाडाला चिकटतं. असा दात इम्प्लांटसारखाच, जागचा हलत नाही, उलट त्याला ओढायला गेलं की शेजारचे दात त्याच्याकडे ओढले जातात. डॉक्टरांनी आरशाच्या दांडीनं माझे पुढचे दात एकेक करून टकटक वाजवले. चिकटलेल्या दाताचा आवाज टणक, धातूसारखा येतो म्हणे. माझा २१ बाकीच्यांसारखाच बद्द वाजला. तरीही त्यांनी पहिले तीन महिने त्याच्यावर नजर ठेवली.

*कॅप.* कॅपखाली मूळ आपलंच असतं, त्यामुळं सरकण्याला अडचण नाही. अडचण चिकटवण्याची. नैसर्गिक दातावर फॉस्फोरिक आम्लाची जेल अर्धा मिनिट लावली की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि ब्रॅकेट पकडतं. सिरॅमिक काचेसारखं गुळगुळीत असतं, त्याला ही जेल पुरत नाही. माझ्या २१ वर काय केलं ते सांगते. आधी बारीक बरनं, म्हणजे दात घासायच्या यंत्राच्या टोकानं, वरची चकाकी उतरवली. मग हिरडीवर संरक्षक लेप दिला, ओठ-गाल मागं ओढले, सक्शनची नळी जवळ धरली आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची जेल लावली. हे आम्ल जहाल असतं, हिरडीला लागता कामा नये, म्हणून त्या एक-दोन मिनिटांत डॉक्टर आणि मदतनीस दोघांपैकी कुणी अक्षर बोललं नाही. पाण्यानं धुऊन सुकवल्यावर कॅप खडूसारखी पांढरट दिसत होती. त्यावर सायलेन नावाचा द्रव, मग ब्रॅकेट, मग निळा दिवा. इतकं करूनही ते ब्रॅकेट दोनदा सुटलं. बाकीच्या दातांचं एकही सुटलं नाही.

झिर्कोनियावर हे आम्लही फारसं चालत नाही. तिथं बारीक पावडरीचा मारा करून खरखरीतपणा आणतात आणि वेगळा प्रायमर लावतात. म्हणून कॅप कशाची आहे हे सातबाऱ्यावर हवं. दाढेवर धातूची कॅप असेल तर सरळ बँड, म्हणजे दाढेभोवतीची धातूची रिंग, बसवतात. माझ्या ३६ ला तीच होती, अडीच वर्षं हलली नाही.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा: समोरच्या दातावर सिरॅमिकची कॅप असेल तर ब्रॅकेट काढताना तिची चकाकी जाऊ शकते, क्वचित टवकाही उडतो. पॉलिशनं भागलं तर भागलं, नाहीतर नवी कॅप. तिचे पैसे बाजूला ठेवा. व्हेनिअरचंही (दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवलेला पातळ पापुद्रा) हेच, फक्त ते आणखी नाजूक.

*सिमेंट, चांदी.* चघळण्याच्या बाजूला भरलेलं असेल तर काही फरक पडत नाही. गालाच्या बाजूला असेल तर ते धड आहे की कुजलंय हे बघून, खरवडून, त्यावरच ब्रॅकेट चिकटवतात.

*ब्रिज.* हा खरा अडेलतट्टू. मधला दात नाही म्हणून दोन्हीकडच्या दातांना कॅप घालून तिन्ही एकत्र जोडलेले. आता १४ ला एकीकडे न्यायचं आणि १६ ला जागेवर ठेवायचं तर कसं नेणार? दोन बैल एकाच जोखडाला. ब्रिज कापावा लागतो. मला या शब्दाचीच धास्ती होती. प्रत्यक्षात वीस मिनिटं पाण्याच्या फवाऱ्याखाली बरची किंचाळी, दाताच्या टोकापर्यंत पोचणारी थरथर, जिभेवर धातूची चव, आणि मग ट्रेमध्ये पडलेला एक छोटा टप्प आवाज. अकरा वर्षं जिच्यावर भाकरी चावली ती १५ ची खोटी दाढ मदतनीस ताईंनी कापसावर ठेवून दाखवली. दोन्हीकडच्या कॅप तशाच राहिल्या, फक्त सुट्या झाल्या.

आणि इथं मला लॉटरी लागली. पुढच्या दातांना जागा करायला एरवी एखादा चांगला दात काढावा लागतो. माझ्याकडे १५ ची जागा आयतीच होती. १४ मागं नेला, त्याच्या पाठोपाठ सुळा, आणि पुढं दातांना ऐसपैस जागा झाली. ज्या जागेसाठी मी पुन्हा नवा ब्रिज करायच्या बेतात होते, ती जागाच उरली नाही. तुमच्या तोंडात दात काढलेली जागा असेल तर 'ही भरायची की मिटवायची' हा प्रश्न ऑर्थोडॉन्टिस्टला मुद्दाम विचारा.

समोरच्या बाजूचा ब्रिज कापला तर भोक घेऊन फिरावं लागत नाही. खोट्या दाताला ब्रॅकेट चिकटवून तो तारेलाच अडकवतात. चावायचा नाही, दिसायला ठीक.

*आधीच बसलेला इम्प्लांट.* घाबरायचं कारण नाही. त्याला मूळ-हाडातला तो पातळ थरच नसतो, हाड थेट टायटॅनियमला धरतं, म्हणून तो ढिम्म. पण खुंटा म्हणून याच्यासारखा दुसरा नाही: त्याला धरून बाकीचे दात ओढता येतात. योजना त्याच्याभोवती आखायची, एवढंच. चुकीच्या जागी असेल तर मात्र तडजोड करावी लागते, आणि ती कुठं करणार हे आधी सांगायला सांगा.

आधी काय, मागाहून काय

माझ्या मते पैसा आणि मनस्ताप सगळ्यात जास्त इथं वाचतो. साफसफाई आधी. मग दात सरकवणं. कायमची कॅप, नवा ब्रिज, इम्प्लांट हे सगळं शेवटी. मध्येच कॅप तुटली तर तात्पुरती बसवून घ्या. कारण दात हलल्यावर चावा बदलतो, आणि आजच्या चाव्यावर घडवलेली महाग कॅप दोन वर्षांनी उंच लागते.

इम्प्लांटची जागा नुसती वर रुंद दिसून चालत नाही. इम्प्लांटच्या दोन्ही अंगांना शेजारच्या मुळापर्यंत निदान दीड मिलिमीटर हाड लागतं, म्हणजे खाली मुळंही एकमेकांपासून लांब हवीत. माझी कलंडलेली ४७ उभी करायला नऊ महिने लागले. त्यासाठी हाडात एक मिनी स्क्रू घातला होता, आठेक मिलिमीटरचा, काम झाल्यावर काढून टाकला. घालताना सुई टोचल्यापलीकडे काही कळलं नाही. जागा तयार झाली असं वाटल्यावर तारा असतानाच पुन्हा एक्स-रे काढला आणि इम्प्लांटच्या डॉक्टरांनी बघून होकार दिल्यावरच पुढं गेलो. तारा काढल्यावर 'जागा अर्धा मिलिमीटर कमी पडतेय' हे कळून उपयोग नसतो.

हे जमायचं तर दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. बोलतीलच असं धरून चालू नका. मी दोघांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यात ओपीजी टाकला आणि लिहिलं, "४६ ला किती जागा हवी, ते कृपया इथेच ठरवावे." दोन दिवसांत ठरलं.

अलाइनर की तारा

पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे प्लास्टिकचे ट्रे, दिसत नाहीत, काढता येतात, कॅपवर ब्रॅकेटची कटकट नाही. पण त्यांनाही पकड मिळायला दातांवर छोटे ठोकळे चिकटवतात, आणि कॅपवर ते ठोकळेही सुटतात. दिवसाचे वीस-बावीस तास घालावे लागतात. शिवाय मध्येच एखादी कॅप बदलली की दाताचा आकार बदलतो, पुढचे सगळे ट्रे बसेनासे होतात आणि पुन्हा स्कॅन करावा लागतो. जुनं काम डळमळीत असेल तर मी तरी ताराच निवडेन. कलंडलेली दाढ उभी करायलाही तारा बऱ्या, असं माझ्या डॉक्टरांचं मत.

पैशांचं लेखी

हिशेबाची माणूस असल्यामुळं इथं मी जरा चिकट आहे. 'पॅकेज' म्हटलं की आत काय नाही ते विचारा: ब्रिज कापणं, तात्पुरत्या कॅप, मिनी स्क्रू, सुटलेलं ब्रॅकेट पुन्हा लावणं (कॅपवर ते सुटणारच), मधले एक्स-रे, शेवटचा रिटेनर (दात परत सरकू नयेत म्हणून घालायचा), आणि खराब झाली तर नवी कॅप. हे सगळं एका कागदावर, सहीसकट. हप्ते भेटींना जोडून घ्या, सगळे पैसे आधी देऊ नका. आरोग्य विम्यात दात सरळ करण्याचा खर्च सहसा बसत नाही, पॉलिसी वाचून घ्या. आणि माझ्यासारखे कुठं इम्प्लांटसाठी आगाऊ पैसे भरले असतील, तर ते परत मागण्याऐवजी 'काम पुढं ढकललंय' असं पावतीवर लिहून घ्या. मला परत मागताना चार चकरा पडल्या, आणि शेवटी लिहूनच घ्यावं लागलं.

कोल्हापुरात राहून तारा सांभाळणं

तांबडा-पांढरा रस्सा खुशाल प्या. अडचण नळीची. हाड फोडायचं, चोखायचं, हे विसरा, मटण सोडवून खायचं. मिसळीत फरसाण भिजू द्या, मग खा. भडंगातले शेंगदाणे बाजूला काढा. ऊस दातानं सोलायचा नाही, रस प्यायचा, तोही लगेच चूळ भरून. गुऱ्हाळावर गेलं की गरम गूळ खायचा मोह होतो, पण तो ब्रॅकेटमध्ये असा काही बसतो की अर्धा तास आरशासमोर जातो. भाकरीचा कडक पापुद्रा कालवणात मोडून घ्या.

हळद! माझ्या ब्रॅकेटवरची पारदर्शक रबरं पहिल्याच दिवशी कोल्हापुरी रश्श्यानं पिवळीधमक झाली. ऑफिसात सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम रंगीत लावलीत. तेव्हापासून राखाडी मागते.

ब्रश दोन लागतात: एक नेहमीचा, दुसरा बाटली घासायच्या ब्रशसारखा पण काडीएवढा. कॅपची कड आणि हिरडी जिथं भेटते तिथं दुसरा फिरवायचा. कीड कॅपला लागत नाही, पण त्या कडेखालच्या खऱ्या दाताला लागते, आणि रूट कॅनाल झालेल्या दाताला ती दुखून सांगतही नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, इतर वेदनाशामकं रोज घेतल्यानं दात सरकणं मंदावू शकतं. एमआरआय करायची वेळ आली तर तारा आहेत हे आधी सांगा.

तारा काढल्यावर

ब्रॅकेट काढायला अर्धा तास, सिमेंट घासून काढायला आणखी अर्धा. माझ्या २१ ची चकाकी गेली होती, नवी कॅप केली. आणि इथं मी चुकले. तारा निघाल्या त्याच दिवशी रिटेनरचं माप दिलं, कॅप तीन आठवड्यांनी बसली. नव्या कॅपचा आकार केसभर वेगळा, रिटेनर बसेना, दुसरा करावा लागला, पैसे दुसऱ्यांदा. तुम्ही असं करा: तारा निघताच तात्पुरता साधा रिटेनर घ्या, कायमची कॅप बसवून घ्या, मग त्यावर पक्क्या रिटेनरचं माप द्या. दातांच्या मागून चिकटवायची बारीक तार असेल तर ती कॅपवर नीट धरत नाही, म्हणून माझी वरची तार २१ टाळून बसवली आणि तो दात रात्रीच्या रिटेनरच्या भरवशावर ठेवला.

४६ चा इम्प्लांट त्यानंतर दीड महिन्यानं बसला. तोवर ती जागा मिटू नये म्हणून रिटेनरमध्येच एक खोटी दाढ घालून दिली होती. रात्री काढून ठेवली की सकाळी किंचित घट्ट बसायची.